नाखवा अमीना : एक अद्भुत कादंबरी आणि बाराव्या शतकातील समुद्र

इतिहासाच्या शिक्षकाला ऐतिहासिक कादंबरीविषयी नेहमीच थोडा संशय असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील प्रकरण विसरतो आणि कादंबरीतील प्रसंग आयुष्यभर खरा मानून चालतो. तरीही चांगल्या कादंबरीचा आनंद घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. हा आनंद घेताना वाचकाने कोणती सावधगिरी बाळगावी आणि त्या आनंदातून इतिहासाच्या अभ्यासाला काय मिळू शकते, हे एका अलीकडच्या कादंबरीच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शॅनन चक्रवर्ती या अमेरिकन मुस्लिम लेखिकेची ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी’ ही इंग्रजी कादंबरी २०२३ साली प्रसिद्ध झाली. अद्भुतकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या २०२४ सालच्या अंतिम यादीतही तिचा समावेश झाला होता. कादंबरीचा काळ इसवी सनाचे १२वे शतक आणि स्थळ अदन, मोगादिशू व सोकोत्रा यांच्या दरम्यानचा समुद्र. नायिका अमीना ही एके काळी या समुद्रात दरारा असलेली चाचे-जहाजाची नाखवा. आता ती चाळिशी ओलांडलेली, गुडघेदुखीने त्रस्त, आई आणि लहान मुलगी मरजाना यांच्यासह अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर लपून राहणारी स्त्री आहे. अदनची एक श्रीमंत वृद्धा तिला शोधत येते आणि फाल्को नावाच्या फ्रँक माणसाच्या तावडीतून आपली नात दुनिया हिला सोडवून आणण्याची कामगिरी तिच्यावर सोपवते. अमीना आपले ‘मारावती’ जहाज पुन्हा हाती घेते. विषविद्येत निपुण दलीला, हिंदुस्थानातून आलेला खलाशी टिंबू आणि नकाशाकार माजिद हे जुने साथीदार पुन्हा एकत्र येतात. पुढे जादू येते, परी येतात, आणि रक्श नावाचा मानवेतर पतीही येतो. हा सर्व वृत्तांत अमीना एका कातिबाला सांगते आहे, अशी कादंबरीची मांडणी आहे.

कादंबरी रंजक आहे यात शंका नाही. अमीना धर्मनिष्ठ आहे आणि गुन्हेगारही आहे. ती नमाज चुकवते, पुन्हा तिच्याकडे वळते, तौबा करते आणि पुन्हा घसरते. मुस्लिम पात्र म्हणजे एक तर संत नाही तर खलनायक, अशा साच्यांची सवय झालेल्या वाचकाला अशी हाडामांसाची नायिका भेटल्याचा आनंद होतो. मात्र याच आनंदात एक धोकाही दडलेला आहे. अशी स्त्री खरोखरच होऊन गेली, आणि ती आपल्या इतिहासकारांनी विसरून टाकली, असे मानण्याचा मोह वाचकाला होतो. म्हणून या कादंबरीतील कोणती गोष्ट दफ्तरात सापडते, कोणती संभाव्य आहे आणि कोणती निव्वळ कल्पित, याची छाननी करणे आवश्यक ठरते.

सिराफ, कैस आणि अदन

अमीनाच्या नावातील ‘अल-सिराफी’ या शब्दापासूनच आरंभ करता येईल. सिराफ हे इराणच्या आखातातील एक भरभराटीचे बंदर होते. ९व्या आणि १०व्या शतकांत चीन व हिंदुस्थानशी चालणाऱ्या व्यापाराचे ते मोठे केंद्र होते. हिंदुस्थान व चीनसंबंधीच्या दर्यावर्दींच्या हकिगतींचे संकलन ज्याने पूर्ण केले, तो अबू झैद येथलाच. ९७७ सालच्या भूकंपाने सिराफचे मोठे नुकसान झाले आणि पुढे व्यापार हळूहळू कैस (किश) बेटाकडे सरकला. त्यानंतर सिराफची माणसे बंदरोबंदरी पसरली, पण ‘सिराफी’ हे नाव त्यांनी सोडले नाही. अमीनाचे आडनाव म्हणजे एका विस्कटलेल्या शहराची आठवण आहे.

१२व्या शतकात सिराफचा सर्वांत प्रसिद्ध व्यापारी म्हणजे रामिश्त. काबागृहाला चिनी कापडाचा गिलाफ चढवणारा म्हणून इतिहासग्रंथांत त्याची नोंद आहे. त्याच्या जहाजांशी संबंधित एक घटना कादंबरीच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. ११३५ च्या सुमारास कैसच्या सत्ताधीशाने अदनवर आरमार पाठवले. १५ जहाजे आणि सुमारे ७०० माणसे अदनच्या नांगरवाड्यात ठाण मांडून बसली. शहरावर उतरण्याचे धैर्य त्यांना झाले नाही, पण येणारी व्यापारी जहाजे अडवण्याची वाट पाहत ती सुमारे दोन महिने तेथे राहिली. अखेर रामिश्तची दोन जहाजे आली, त्यांवर अदनचे सैनिक चढले आणि हल्लेखोरांना माघार घ्यावी लागली.

हा वृत्तांत कोणत्याही दरबारी बखरीतून आलेला नाही. अदनच्या ज्यू व्यापाऱ्यांनी आपल्या सहकाऱ्यांना अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत लिहिलेल्या पत्रांत तो सापडतो. ही पत्रे कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील ‘गेनिझा’ नावाच्या कोठीत पडून होती. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करू नये, या श्रद्धेमुळे ती टिकली. एस. डी. गॉइटाइन यांनी ती अभ्यासकांसमोर आणली आणि अमिताव घोष यांच्या १९९२ सालच्या ‘इन अॅन अँटिक लँड’ या पुस्तकाने ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. कादंबरीतील अदन, तेथील जकात, गोदामे, अनेक धर्मांचे व्यापारी आणि समुद्रावरील भीती या सर्वांना या कागदपत्रांचा भक्कम आधार आहे.

कोकणचा किनारा आणि भाषेतील खुणा

या समुद्राची पूर्वेकडची बाजू म्हणजे आपलाच किनारा. अल-मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, सैमूर येथे होता. सैमूर म्हणजे आजचे रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे सुमारे दहा हजार मुस्लिम राहत असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले लोक होते आणि याच भूमीत जन्मलेले ‘बयासिरा’ही होते. त्यांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत आणि त्याची नेमणूक स्थानिक राजा करीत असे. अमीनाच्या दोनशे वर्षे आधी सिराफी माणसे चौलमध्ये घर करून होती, हे यावरून स्पष्ट होते.

गोव्यातही असाच पुरावा मिळतो. ११व्या शतकाच्या मध्यातील कदंब राजा जयकेशी पहिला याच्या काळच्या ताम्रपटात ताजिक म्हणजे अरब वंशाच्या छडम या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. त्याने उभारलेल्या ‘मिजिगिति’च्या, म्हणजे मशिदीच्या, खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर ठरवून दिला होता. हिंदू राजाच्या संस्कृत लेखात मशिदीच्या खर्चाची तरतूद असावी, ही बाब सीमाभागातील व गोव्यातील वाचकाला पुष्कळ काही सांगून जाते.

ताम्रपटाइतकाच टिकाऊ पुरावा मराठी भाषेत आहे. बंदर, दर्या, खलाशी, सारंग, सुकाणू, मोसम हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि कोळीवाड्यात इतके रुळले की त्यांचे मूळ विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. ‘नाखवा’ हा शब्दही त्यांतलाच. ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी, यावरून तो आला. कोकणातील कोळी, भंडारी आणि मुस्लिम या सर्वांनी तो आपला मानला. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. मराठीत ‘नाखवीण’ असा शब्द आहे, पण त्याचा अर्थ नाखव्याची बायको. जहाज चालवणाऱ्या स्त्रीसाठी भाषेने शब्द तयार केला नाही. या लेखाच्या शीर्षकात ‘नाखवा अमीना’ असे लिहावे लागले त्याचे कारण हेच.

चाचा कोणाला म्हणावे?

कादंबरीत अमीना चाचेगिरी करते याची तिला लाज आहे आणि अभिमानही आहे. इतिहासात चाचेगिरीचे चित्र याहूनही गुंतागुंतीचे दिसते. १३व्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मलबार व गुजरातच्या किनाऱ्यावरून दरवर्षी शंभराहून अधिक चाचे-जहाजे बाहेर पडतात असे लिहिले. वीस-तीस जहाजांचे तांडे करून, एकमेकांपासून पाच-सहा मैलांवर राहून ते समुद्रात जणू जाळे पसरत आणि धूर किंवा आग दाखवून इशारा देत. ठाण्याच्या राजाविषयी तो सांगतो की, चाच्यांशी त्याचा करारच होता : लुटीतील घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोडे हिंदुस्थानात परदेशातून आणावे लागत आणि ते फार महाग पडत, हे लक्षात घेतले म्हणजे या कराराचा अर्थ उलगडतो. सोकोत्रा बेटावर हे चाचे तळ ठोकून लुटीचा माल विकत, असेही तो नोंदवतो. कादंबरीतील सोकोत्राच्या दुर्गम गुहा आणि धोकादायक किनारा वाचताना ही नोंद आठवावी.

पुढील काळात ‘चाचा’ हा शब्द राजकीय हत्यार झाला. पोर्तुगीजांनी परवान्याशिवाय, म्हणजे ‘कार्ताझ’शिवाय, फिरणाऱ्या जहाजाला लूटयोग्य ठरवले. त्यांच्याशी दीर्घकाळ लढलेल्या कुंजाली मरक्कार घराण्याला त्यांनी चाचे म्हटले आणि चौथ्या कुंजालीला १६०० साली गोव्यात देहदंड दिला. इंग्रज कंपनीच्या कागदपत्रांत मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनाही चाचा म्हटले आहे. स्वतःचे परवाने देणारा सत्ताधीश आणि लुटारू यांच्यातील फरक अनेकदा कागद कोणी लिहिला यावर अवलंबून राहतो. याचा अर्थ प्रत्येक चाचा स्वातंत्र्यवीर होता असा मात्र घेऊ नये. इब्न बतूताला १४व्या शतकात होन्नावरच्या दक्षिणेस चाच्यांनी गाठले आणि अंगावरच्या एका वस्त्राखेरीज त्याच्याकडे काहीही ठेवले नाही. लुटल्या गेलेल्या माणसाला सिद्धांताचा आधार मिळत नाही.

दफ्तरातील स्त्रिया

आता मुख्य प्रश्न. १२व्या शतकातील अरबी समुद्रात स्त्री नाखवा होती काय? ज्ञात साधनांत अशी स्त्री सापडत नाही. हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. मात्र याच साधनांत इतर अनेक स्त्रिया आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष गेले तर अमीना तितकी अशक्य वाटत नाही.

ज्या अदनच्या वृद्धेने अमीनाला कामगिरी दिली, त्या अदनचा महसूल प्रत्यक्षात एका राणीचा मेहर होता. यमनची राणी अरवा, सुलैही घराण्यातील, हिच्या विवाहाच्या वेळी तो तिला लावून देण्यात आला होता. ‘अल-सैयिदा अल-हुर्रा’, म्हणजे स्वतंत्र बाई, या उपाधीने ती ओळखली जाई. जिबला येथून तिने दीर्घकाळ सत्ता चालवली आणि ११३८ साली तिचे निधन झाले. कैसचे आरमार अदनवर आले तेव्हा ती हयात होती. अदनवरील झुरैई सरदार मूळचे तिच्याच घराण्याचे नेमलेले. त्यांनी खंडणी थकवली आणि ती वसूल करण्यासाठी तिला फौज पाठवावी लागली. कादंबरीकाराच्या कल्पनेपेक्षा ही वस्तुस्थिती कमी नाट्यमय नाही.

गेनिझाच्या कागदांत ११०० च्या सुमारास कैरोच्या जुन्या भागात दलालीचा व्यवसाय करणारी, स्वतःच्या नावावर पैसे लावणारी ‘अल-वुहशा’ नावाची ज्यू स्त्री आढळते. मंगळूरला राहणाऱ्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याने ऑक्टोबर ११३२ मध्ये मुक्त केलेली आशू ही दासीही आढळते. पुढे ती बहुधा त्याची पत्नी झाली. तिच्या मुक्ततेचा कागद उरला, तिचे स्वतःचे शब्द मात्र उरले नाहीत. हिंदुस्थानात वर्षानुवर्षे अडकलेल्या पतीने कैरोतील पत्नीला लिहिलेले पत्रही या संग्रहात आहे. पतीच्या अनुपस्थितीला कंटाळून तिने काडीमोडाचा विषय काढला होता आणि तो तिची समजूत घालतो आहे. लेखिकेने हेच चित्र उलटे केले आहे. येथे आई समुद्रावर आहे आणि घरी मुलगी वाट पाहते आहे. घर सोडणाऱ्याच्या मनातील अपराधभाव मात्र तोच.

मार्को पोलो ज्या चाच्यांविषयी लिहितो, त्यांच्याबाबत तो एक वाक्य सहज टाकून जातो : ते आपल्या बायका-मुलांना बरोबर घेऊन संपूर्ण उन्हाळा समुद्रावर काढत. म्हणजे चाच्यांच्या जहाजांवर स्त्रिया होत्या. त्या काय काम करीत, वादळात शिडाची दोरी कोण धरी, हे विचारण्याची प्रवाशाला गरज वाटली नाही.

१४व्या शतकात इब्न बतूता मालदीव बेटांवर काझी झाला तेव्हा तेथे खदीजा नावाची स्त्री सुलतान होती आणि जुम्याच्या खुतब्यात तिचे नाव घेतले जाई. १६व्या शतकात मोरोक्कोतील तेतुआन शहराची सूत्रे १५४२ पर्यंत आणखी एका ‘सैयिदा अल-हुर्रा’च्या हाती होती. पश्चिम भूमध्य समुद्रातील चाचेगिरीशी तिचे नाव जोडले जाते. पण ती बंदराची सत्ताधीश होती, जहाजावरची नाखवा म्हणून नव्हे. मुघल काळात अकबराची पत्नी मरियम-उज़-ज़मानी हिचे ‘रहीमी’ जहाज सुरतेहून लाल समुद्राकडे जात असे. १६१३ साली पोर्तुगीजांनी ते पकडले आणि जहांगीरला त्यांच्याविरुद्ध कडक पावले उचलावी लागली. येथे स्त्री जहाजाची मालकीण आहे आणि लूट करणारा ‘परवाने देणारा’ आहे.

या सर्व उदाहरणांवरून एक आकृती दिसते. स्त्री राणी असेल, मालमत्तेची धनी असेल, किंवा एखाद्या कायदेशीर कागदाचा विषय असेल, तेव्हा ती नोंदीत येते. श्रम करणारी, जहाज हाकणारी, कुप्रसिद्ध झालेली सामान्य स्त्री नोंदीबाहेर राहते. सामान्य पुरुष खलाशीही बहुतांशी बाहेरच राहिला, हेही विसरता कामा नये. त्यामुळे नोंद नाही एवढ्यावरून अशी स्त्री नव्हतीच असे ठरत नाही आणि होतीच असेही सिद्ध होत नाही. कादंबरीकार याच मोकळ्या जागेत उभी राहते. तिला तो अधिकार आहे. इतिहासकाराला तो नाही.

अद्भुताचे काय?

परी, जादूची वस्तू आणि राक्षसी पती हे घटक आधुनिक करमणुकीसाठी घुसडले आहेत असे काहींना वाटेल. पण १०व्या शतकातील बुजुर्ग इब्न शहरयार याच्या नावावर असलेला ‘अजाइबुल हिंद’ हा ग्रंथ पाहिला तर वेगळे चित्र दिसते. त्यात सिराफ, ओमान आणि सैमूर येथील नाखव्यांच्या तोंडच्या हकिगती आहेत. सात वेळा चीनला जाऊन आलेला अबहारा नावाचा नाखवा त्यात आहे, सैमूरच्या मुस्लिमांचा प्रमुख अब्बास इब्न माहान आहे, आणि त्यांच्या शेजारीच प्रचंड पक्षी, विलक्षण मासे आणि स्त्रियांचे बेटही आहे. त्या काळच्या दर्यावर्दीच्या मनात हिशेबाची वही आणि अद्भुत एकत्र नांदत होते. या दृष्टीने कादंबरीतील अद्भुत हा त्या काळाच्या मनोविश्वाचाच भाग ठरतो.

समारोप

महाविद्यालयीन शिक्षकाने ही कादंबरी विद्यार्थ्यांना वाचायला द्यावी काय? जरूर द्यावी. मात्र तिच्यासोबत एक कोरा कागदही द्यावा आणि त्यावर तीन रकाने आखण्यास सांगावे : नोंदलेले, संभाव्य आणि कल्पित. अदन, रामिश्त आणि सोकोत्राचे चाचे पहिल्या रकान्यात जातील. अमीना दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांच्या सीमेवर कोठेतरी उभी राहील. तिला नेमके कोठे ठेवायचे यावर वर्गात वाद झाला तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.

समाजाला आपल्या भूतकाळाचा अभिमान हवा असतो आणि ज्या समाजाला आपल्याविषयी वारंवार वाईटच ऐकावे लागते, त्याला तर तो अधिकच हवासा वाटतो. अशा वेळी एखादी शूर मुस्लिम चाची ‘आपली विस्मृत नायिका’ म्हणून मिरवण्याची घाई होते. ही घाई टाळली पाहिजे, कारण खोट्या अभिमानाचा पाया एका प्रश्नाने ढासळतो. आणि त्याची गरजही नाही. इब्न बतूताने होन्नावर येथे, म्हणजे गोव्याच्या दक्षिणेस काही दिवसांच्या वाटेवर, मुलांच्या २३ शाळा पाहिल्या आणि मुलींच्या १३ शाळा पाहिल्या. तेथील स्त्रियांना कुरआन मुखोद्गत असल्याचेही त्याने लिहून ठेवले. अमीना कल्पनेतून आली, पण या १३ शाळा कल्पनेतून आलेल्या नाहीत. त्या मुलींपैकी एकीचेही नाव त्या प्रवाशाने लिहिले नाही. कादंबरी वाचून मिळालेल्या आनंदाने जर कोणा विद्यार्थिनीला त्या नावांचा शोध घ्यावासा वाटला, तर अमीनाने आपली कामगिरी पूर्ण केली असे म्हणता येईल.